गरम गरम म्हणजे 'हॉट हॉट' नव्हे

कोल्हापुरात पाहुण्याला आपण गरम गरम पांढरा रस्सा वाढतो. निपाणीच्या पुढं गेलं की कानडीत तेच 'बिसि बिसि' होतं. शब्द दोनदा म्हणणं ही आपल्या मातीची रीत. इंग्रजीत मात्र 'हॉट हॉट' खटकतं. तिथं 'पायपिंग हॉट' म्हणतात.

आपली द्विरुक्ती एकटीच पुष्कळ कामं करते, आणि मला तिचं फार अप्रूप वाटतं. 'हळूहळू अंधार पडला' यात क्रमाक्रमानं होणारा बदल आहे, म्हणून 'ग्रॅज्युअली'. 'हळूहळू चाल' यात वेग आहे, तिथं नुसतं 'स्लोली' पुरतं. 'सगळ्यांना एकेक लाडू द्या' यात वाटणी आहे, म्हणून 'वन लाडू ईच'. इंग्रजीला पुनरुक्ती वर्ज्य नाही. 'अगेन अँड अगेन', 'स्टेप बाय स्टेप' रोज ऐकू येतं. फक्त मध्ये बहुधा जोडणारा शब्द लागतो.

आता आपला 'च'. 'मी रविवारीच रंकाळ्यावर जातो' हे इंग्रजीत लिहिताना 'ओन्ली' हा शब्द 'ऑन संडेज'च्या लगेच आधी ठेवा. तो 'आय'च्या आधी गेला, तर 'मीच जातो, दुसरं कुणी नाही' असा अर्थ होतो.