पायऱ्यांशी थांबलेली आपली माणसं
(वर्धापन दिनी केलेले भाषण)



भाषणं पुष्कळ झाली, म्हणून आम्ही एकाच गोष्टीवर बोलणार आहोत. आपल्या विहाराला ९ पायऱ्या आहेत. ज्या बाया-माणसांनी दिवसाची पाळी करून रात्री याच पायऱ्यांसाठी डोक्यावरून वाळू वाहिली, त्यांतली बरीच मंडळी आता रविवारच्या वंदनेला दिसत नाहीत. कुठं गेली? घरीच आहेत. गुडघे वर चढू देत नाहीत. गेल्या वर्षावासात एक आजी खालच्या पायरीवर बसूनच ग्रंथवाचन ऐकत होत्या. लाऊडस्पीकर होता म्हणून ऐकू तरी आलं. आम्ही "जयभीम आजी" म्हणायचो आणि वर निघून जायचो. हे सांगताना आम्हाला लाज वाटते.

तथागतांनाही म्हातारपण चुकलं नाही. महापरिनिब्बान सुत्तात ८० वर्षांचे भगवंत आपल्या देहाला बांधून-सावरून चालवलेल्या जुन्या गाड्याची उपमा देतात. कुसिनाऱ्याच्या वाटेवर थकून ते झाडाखाली बसले, आनंदाला चीवर चौपदरी करून अंथरायला सांगितलं, पाणी मागितलं. पाठ दुखू लागली तेव्हा देसना सारिपुत्तांकडे सोपवून ते आडवे झाले, असंही दुसऱ्या सुत्तात आहे. आजारी भिक्खूला काठी वापरण्याची मुभा विनयात आहे. मग आपल्या म्हाताऱ्यांनी काठीची लाज का धरावी? "लोक काय म्हणतील" म्हणून भिंत धरून चालतात अन् मोरीत पाय घसरतो. एकदा खुब्याचं हाड मोडलं की पुन्हा उभं राहणं फार कठीण.

काठीचंही शास्त्र आहे. सरळ उभं राहून हात खाली सोडला की मनगटापर्यंत येईल एवढी काठी असावी. खाली रबरी बूच हवं, झिजलं की बदलायचं. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची; आपल्याकडे बहुधा उलटंच चालतं. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. अन् चालणं सोडू नये, बसून राहिलं की पायातली ताकद जाते. चंक्रमण तर आपल्या धम्मातच आहे.

पायऱ्यांऐवजी उतार करा, असं तरुण मंडळी म्हणतात. चांगलंच आहे. पण १ फूट चढाला १२ फूट उतार लागतो. आपल्या पायऱ्या ६ इंची, म्हणजे एकूण साडेचार फूट चढ. ५४ फुटांचा उतार या गल्लीत बसणार कुठं? म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा, पायऱ्यांच्या कडेला पिवळा पट्टा आणि वर पाठ टेकायच्या खुर्च्या, एवढं तरी करू. खुर्चीवर बसून वंदना घेतल्यानं अनादर होत नाही. खर्चाचं म्हणाल तर पुढच्या वर्षी कमान अन् रोषणाई निम्मी करा. काहींना राग येईल, पण बोलून टाकलं.

त्या आजी आजही खालीच बसल्या आहेत. भोजनदान वर न ठेवता खाली मंडपात ठेवावं, एवढी समितीला विनंती करून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो. नमो बुद्धाय, जयभीम!