वैद्याच्या वहीतला सहावा रकाना
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



सचिवांनी मला विषय दिला, 'आपल्याकडचे वैद्य आणि होमिओपॅथ'. मी म्हटलं, अहो, मी बँकेतला माणूस. जन्मभर व्याज मोजलं, मला नाडी काय कळते? तर म्हणाले, "काका, सोसायटीत सगळ्यात जास्त पुड्या तुमच्याच घरी येतात." खोटं नाही बोलले. घरात आम्ही दोघं, गुडघे चार, आणि चारही दुखतात. तेव्हा रोग्याच्या बाजूने बोलतो.

विद्यापीठाकडे जाताना तपोवन गेट लागतं. आपण सगळेच तिथून जातो-येतो. पण ते तपोवन उभं करणारे डॉ. शिवाजीराव पटवर्धन, म्हणजे आपले दाजीसाहेब, पेशाने होमिओपॅथ होते, हे आपल्या नातवंडांना माहीत नसतं. अमरावतीत त्यांचं नाव होतं, स्वातंत्र्यलढ्यात ते तुरुंगात गेले होते. १९४६ साली त्यांनी कुष्ठरोग्यांसाठी हे काम सुरू केलं. बाबा आमट्यांचं आनंदवन उभं राहण्याच्याही आधीची ही गोष्ट. त्या वेळी कुष्ठरोग झाला की माणूस घरातून जायचा, गावातून जायचा. भीक मागणाऱ्या रोग्याला पकडून ठेवण्याचा १८९८ चा इंग्रजांचा कायदा होता, तो रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं! डॅप्सोनची गोळी आपल्याकडे जेमतेम येऊ लागली होती. हल्लीचा बहुविध औषधोपचार १९८२ नंतरचा. अशा काळात दाजीसाहेबांनी या माणसांना छप्पर दिलं, हाताला काम दिलं. १९५९ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता एक स्पष्ट बोलतो, कोणाला राग आला तर येवो. साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्यांनी कुष्ठरोग जात नाही. जंतू मेले ते डॅप्सोनने आणि नंतरच्या औषधांनी. पण ज्याला कोणी शिवत नव्हतं, त्याला जवळ बसवून घ्यायला डॅप्सोनची वाट बघावी लागली नाही. होमिओपॅथकडे पहिल्यांदा गेलात तर तो तासभर विचारत बसतो. झोप कशी लागते, स्वप्नं कोणती पडतात, सगळं. मला वाटतं, ऐकून घ्यायची ही सवय दाजीसाहेबांना तपोवनात कामी आली असणार.

दुसरा माणूस प्रसिद्ध नाही, म्हणून नाव सांगत नाही. १९८० च्या दशकात मी अकोल्याच्या शाखेत होतो, छोट्या धंदेवाल्यांची कर्जप्रकरणं माझ्याकडे होती. एका वैद्यबुवांना चूर्ण दळायचं यंत्र घ्यायचं होतं. मी पाहणीला गेलो. भिंतीवर १९६१ च्या कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं. मी रोग्यांची वही मागितली. नाव, गाव, तक्रार, औषध, जमा असे पाच रकाने आणि सहावा रकाना 'पुढे'. मला वाटलं उधारी असेल. बँकवाल्याला दुसरं काय सुचणार?

"पुढे म्हणजे बाकी का, वैद्यबुवा?"

"नाही साहेब. पुढे म्हणजे मोठ्या दवाखान्यात पुढे पाठवला."

मग मी पानं उलटत बसलो. कावीळ, पंधरा दिवस होऊन उतरली नाही, पुढे. लेकरू, ताप, मान ताठ, पुढे. पेरणीच्या दिवसांत एका शेतमजुराला साप चावलेला. त्याच्या औषधाच्या रकान्यात नुसती रेघ आणि 'पुढे'च्या खाली घड्याळातली वेळ. मी विचारलं, सापावर काहीच देत नाही का? म्हणाले, "बाप्पा! सापाले माह्याकडं काय आहे? माह्यापाशी बसला तर त्याचा अर्धा घंटा वाया जाते." ऑटोचे पैसे कोणाकडे नसले तर तेच देत, आणि तेही त्या वहीत लिहिलेलं होतं. आमच्या बँकेच्या फॉर्मात या सहाव्या रकान्याला गुण नव्हते. कर्ज मी मंजूर केलं आणि हप्ते वेळेवर आले.

असा रकाना नसला की काय होतं ते मेळघाटात दिसतं. तिकडे कोरकू लोकांचा भूमका असतो. पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या विळ्याने चटके देतात, डंबा म्हणतात त्याला. २०२५ च्या फेब्रुवारीत अवघ्या बावीस दिवसांच्या बाळाला पासष्ट चटके दिल्याची बातमी आपण सगळ्यांनी वाचली. तो गुन्हाच, त्यात दोन मतं नाहीत. पण आपण पेपर खाली ठेवून 'अडाणी लोक' म्हणतो, ते मला पटत नाही. रात्री दोन वाजता बाळ निळं पडलं तर त्या पाड्यावर हाकेला येतं कोण? भूमकाच येतो. म्हणून तर रोग्याला दवाखान्यापर्यंत आणायच्या कामात भूमकांनाच सामील करून घ्यायचा प्रयत्न आरोग्य खात्याने केला. आणि बैरागडला दोन रुपये फीवर दवाखाना चालवणाऱ्या कोल्हे दाम्पत्यापैकी डॉ. स्मिताताई मूळच्या होमिओपॅथच. दोघांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळा जिल्हा खूश झाला होता.

आता आपल्या सोसायटीकडे येतो. आपल्याच एका सभासदांनी सांगायची परवानगी दिली आहे. रस्त्याच्या कडेला तंबू टाकून बसलेल्या एकाकडून त्यांनी गुडघ्यासाठी पुडी आणली. लेबल नाही, नाव नाही. तीन दिवसांत जिना चढायला लागले! आम्ही सगळ्यांनी पत्ता मागितला. तीन महिन्यांनी चेहरा गोल सुजला, साखर साडेतीनशेच्या वर गेली आणि ॲडमिट व्हावं लागलं. डॉक्टर म्हणाले, पुडीत स्टिरॉइड असणार. अशी भेसळ बरीच सापडते. जुनं दुखणं दोन दिवसांत पळालं तर आनंद होण्याआधी शंका घ्या. आणि अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर घाबरून एकदम बंदही करू नका, त्यानेही जीव धोक्यात येतो. आधी डॉक्टरांना दाखवा. वैद्याला नोंदणी क्रमांक विचारायची लाज वाटू देऊ नका. आपण भाजीवालीला काटा नीट धर म्हणतो, मग इथे कसली भीड? आणि ऑपरेशनच्या आधी काढा, भस्म, गोळ्या जे काय चालू असेल ते सगळं सर्जनला सांगा. 'ते रागावतील' म्हणून लपवू नका.

आपल्या बी विंगमधली मुलगी यंदा बीएएमएस झाली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला ती सोसायटीच्या हॉलमध्ये बसायला तयार आहे. घरात असतील तेवढ्या बाटल्या आणि पुड्या पिशवीत घालून आणा, ती लेबलं वाचून सांगेल. मी माझं गाठोडं घेऊन पहिल्या नंबरला आहेच. तिच्यासाठी वही मी आखून देतो, सहा रकान्यांची. चहा सचिवांकडून.