गावाचा सांड कोणाचा?

(पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील एका गावी भरलेल्या सभेत तेथील शाळामास्तरांनी केलेले भाषण.)



काल आपण पोळा केला. ज्याच्या घरी जोडी आहे त्याने शिंगे रंगविली, झूल घातली, पुरणपोळी चारली. ज्याच्या घरी जोडी नाही त्याने मातीचे बैल पुजले. आज तान्ह्या पोळ्याला मुलांनी लाकडाचे नंदी ओढले. हे सर्व योग्यच झाले. परंतु काल तोरणाखाली उभ्या असलेल्या जोड्या पाहताना माझ्या मनात एक प्रश्न आला. या बैलांच्या आया कोणत्या, हे प्रत्येक घरधनी सांगू शकतो. त्यांचा बाप कोण, हे किती जण सांगतील? मी चार ठिकाणी विचारले. उत्तर एकच मिळाले, "असेल कोणी आखरावरचा!"

त्या आखरावरच्याविषयी मला आज बोलायचे आहे. पुस्तकात त्याला वळू म्हणतात, आपण सांड म्हणतो. शाळामास्तराने भर सभेत हा विषय काढावा याचे कोणाला हसू येईल. हसून घ्या, पण मग हिशेब ऐका.

गाय फार झाले तर वर्षाला एक वासरू देते. सांड वर्षाकाठी पन्नास-साठ गाईंना पुरतो. तो तीन वर्षे आखरावर राहिला, तर गावातील शंभरावर वासरांत त्याचे रक्त उतरते. गाय वाईट निघाली तर एका घराचे नुकसान होते. सांड वाईट निघाला तर साऱ्या गावाचे होते. असे असूनही गाय घेताना आपण तिचे दात पाहतो, सड पाहतो, चार जणांचा सल्ला घेतो. आणि सांडाच्या बाबतीत? जो आला तो आपला!

हे मी दुसऱ्यांना शिकवीत नाही. माझ्याच घरची गोष्ट सांगतो. माझ्या घरी एक गाय आहे. दोन वर्षांमागे ती तीनदा उलटली. चौथ्या खेपेस फळली असे वाटले, तर तिसऱ्याच महिन्यात गाभ गेला. आमच्याच ओळीतील एका तेल्याच्या घरी एकुलती एक गाय, तिचेही तेच. पलीकडे एका विधवा बाईच्या गाईचेही तेच. आम्ही तिघांनी तीन उपाय केले. कोणी अंगारा लावला, कोणी नजर काढली, आणि मी शिकलेला म्हणून खुराक वाढविला. शेवटी पशुवैद्य आले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तिन्ही गाई एकाच सांडाकडे गेल्या काय?" गेल्याच होत्या. दुसरा होता कोठे? सांडाच्या अंगात लपून राहणारे काही रोग असे आहेत की तो वरून धडधाकट दिसतो, आणि ज्या ज्या गाईकडे जातो तिला तो रोग देत जातो. गाय उलटत राहते किंवा कच्चा गाभ टाकते. माझी गाय वर्षभर भाकड राहिली. माझा पगार आहे, मी सोसले. परंतु त्या बाईच्या घरी दुधाचा पैसा बंद झाला म्हणजे मुलीची वही बंद होते, हे मी शाळेत डोळ्यांनी पाहिले आहे.

आता हा सांड आला कोठून? आपल्याकडे बाप वारला म्हणजे अकराव्या दिवशी त्याच्या नावाने गोऱ्हा सोडण्याची चाल जुनी आहे. वास्तविक या चालीत शहाणपण होते. घरातील उत्तम गोऱ्हा गावाला द्यावा आणि साऱ्या गावाने तो पोसावा, म्हणजे मेलेल्याचे नाव चांगल्या वासरांच्या रूपाने राहावे. पुढे मंत्र राहिला, दक्षिणा राहिली, आणि गोऱ्हा मात्र गोठ्यातील सर्वांत मरतुकडा सुटू लागला. दक्षिणा घेणाऱ्याने गोऱ्ह्याचे दात कधी मोजले नाहीत. देणाऱ्यानेही बापाच्या नावाने काय सोडतो याचा विचार केला नाही. असा सुटलेला गोऱ्हा कोणाचाच नसतो. तो धुऱ्यावरचे धान खातो, मार खातो, आणि गावाच्या पुढच्या पिढीचा बाप होतो.

कोणी म्हणेल, हे काम सरकारचे आहे. सरकारने हे काम पूर्वी केले आहे, आणि त्यातून घेण्यासारखा धडा आहे. मात्र तो गाईचा नसून घोड्याचा आहे. आपल्या चिखलाच्या मुलखात घोडे फारसे नव्हते. पश्चिमेकडे भीमेच्या काठी भीमथडी नावाचे तट्टू होते. अंगाने लहान, पण काटक आणि थोड्या चाऱ्यावर राहणारे. मराठ्यांच्या स्वाऱ्या त्याच्याच पाठीवर झाल्या. इंग्रजी अमदानीत सरकारने शेतकऱ्यांच्या घोड्यांची पैदास सुधारावी म्हणून सरकारी वळूघोडे जिल्ह्याजिल्ह्यांत ठेवले. शेतकऱ्याची घोडी तपासायची, पसंत पडल्यास तिला डाग द्यायचा, आणि मग तिला सरकारी घोडा दाखवायचा, अशी रीत होती. 1892 साली मुलकी पशुवैद्यक खाते निघाले तेव्हा हे काम त्याच्याकडे होते. 1903 साली निवडक मुलखांतील काम लष्कराच्या रिमाउंट खात्याकडे गेले. घोडे कोणते? अरबी, विलायती शर्यतीच्या जातीचे, नॉर्फोक ट्रॉटर. मोठे देखणे जनावर!

व्यवस्था चोख होती. घोडा पोसलेला, तपासलेला आणि नोंदलेला असे. हा गुण आपण घ्यावा. परंतु घोडा कोणता हवा, हे ठरविले लष्कराने. त्याला स्वाराखाली उंच जनावर पाहिजे होते. ओझे घेऊन घाट चढणारे आणि काट्याकुट्यांवर जगणारे तट्टू ज्या गरिबाला हवे होते, त्याला कोणी विचारले नाही. पुढे मोटारी आल्या, लष्कराची गरज सरली. आणि भीमथडी कोणी राखली? मेंढरांमागे बिऱ्हाड घेऊन हिंडणाऱ्या धनगरांनी! ज्या जातीला लोक संपली म्हणत होते, तिची 2024 साली कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. तात्पर्य, ज्याला जनावर पोसायचे आहे त्यानेच त्याचा बाप निवडला पाहिजे. मला आज सांगायचे ते एवढेच.

हाच धडा गाईला लावून पहा. 1928 साली शेतीच्या शाही कमिशनने अहवाल दिला. त्यात म्हटले होते की जनावरे निकृष्ट म्हणून शेतकरी अधिक पाळतो, अधिक झाली म्हणून चारा पुरत नाही, आणि चारा पुरत नाही म्हणून ती आणखी निकृष्ट होतात. त्या कमिशनचे अध्यक्ष लॉर्ड लिनलिथगो 1936 साली व्हाइसराय होऊन आले, तेव्हा धनिकांनी गावांना वळू दान द्यावेत असे त्यांनी आवाहन केले. आवाहन चांगले होते. परंतु दान देणारा एकदाच देतो, वैरण मात्र रोज लागते. त्याही अगोदर, 1883 साली, जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. परदेशांतून शेळ्यामेंढ्यांची उत्तम बेणी आणून येथे त्यांची अवलाद वाढवावी, असे त्यांनी त्यात सरकारास सुचविले होते. बेण्याचे महत्त्व आपल्या माणसाने तेव्हाच ओळखले होते. आपण अजून आखरावरच्यावर भागवीत आहोत.

आपल्या मुलखाचे वाण कोणते? पश्चिमेस वर्धा-नागपूरकडे गवळाऊ आहे. चालीला हलकी आणि दौडीची. आपल्या गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या धानाच्या पट्ट्यात कठाणी आहे. तिची नोंद 2023 साली झाली. लहान चणीची, दुधाला बेताची, पण तणसावर राहणारी, आणि तिचा गोऱ्हा बांधीच्या चिखलात पाय रोवून चालणारा. आपण तिला गावठी म्हणून हिणवीत आलो.

याचा अर्थ जर्सी किंवा होल्स्टीन आणू नये असा मुळीच नाही. ज्याच्याकडे हिरवी वैरण आहे, पाणी आहे, आणि दूध घेणारी गाडी दारात येते, त्याने संकर खुशाल करावा. परंतु ज्याच्याकडे दोन बांध्या आणि तणसाची एक गंजी, त्याच्या गोठ्यात जर्सीचा गोऱ्हा जन्मला तर तो उन्हात धापा टाकतो, आणि खांदा नीट नसल्याने जू पेलत नाही. नांगरणी हल्ली ट्रॅक्टरने होते हे खरे. तरी लहान बांधीत, जंगलाच्या कडेला, आणि भाड्याचा पैसा नसलेल्या घरी बैलच उभा राहतो.

रेतनाची टोचणीही उत्तम आहे. द्रव नायट्रोजनात शून्याखाली 196 अंश थंडीत ठेवलेल्या बारीक कांडीतून चांगल्या वळूचे बीज गरिबाच्या दारी येते, आणि अंगसंगाचे रोग टळतात. परंतु गाईचा माज बारा ते अठरा तासांचा असतो, आणि पुन्हा येतो तो एकवीस दिवसांनी. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी टोचावे, अशी रीत आहे. देवरी-सालेकसाच्या जंगलातील गावी पावसात नाल्याला पूर असताना टोचणारा माणूस वेळेवर कसा यावा? सबब टोचणीही पाहिजे, आणि गावाचा एक चांगला सांडही पाहिजे.

आता मी काय करा म्हणतो ते ऐका.

पहिले, निवड. जिच्या कासेची आणि जिच्या गोऱ्ह्यांच्या कामाची सर्वांना खात्री आहे, अशा कठाणी गाईचा गोऱ्हा पंचांनी निवडावा. पंचांत नुसते मोठे शेतकरी नकोत. एक गाय असलेला तेली, कुंभार, ढीवर, गोंड हेही हवेत, आणि दोन बाया हव्यात. गाय माजावर आली हे घरात प्रथम त्यांनाच कळते.

दुसरे, तपासणी. पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याचे रक्त तपासावे, लाळ्या-खुरकुताची लस द्यावी. पुरा अडीच-तीन वर्षांचा झाल्याशिवाय गाय दाखवू नये.

तिसरे, पोषण. त्याला मोकळा सोडू नये. गावाच्या जागेत एक कोठा बांधावा. घरटी तणसाचा एक भारा आणि कोंडा द्यावा. गाय दाखविण्याचा दर ठरवावा. पैसा नसेल त्याने धान द्यावे, तेही नसेल त्याने दोन दिवस कोठा झाडावा. कोणाची गाय परत पाठवू नये. आठवड्याला दोन-तीन गाईंवर सांडाला राबवू नये.

चौथे, ढोरकी. कोणती गाय केव्हा फिरली, कोणती उलटली, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नाही. त्याला आपण वर्षाचे धान टाकतो आणि त्याची विद्या फुकट घेतो. प्रत्येक दरातला वाटा त्याला मिळालाच पाहिजे.

पाचवे, अदलाबदल. तीन वर्षांत सांडाच्या पोरी माजावर येऊ लागतात. त्या आत तो शेजारच्या गावाला देऊन त्यांचा आपण घ्यावा. बाप-लेकीचा संबंध माणसाला वर्ज्य, तसा गोठ्यालाही घातक आहे. आखरावरचे बाकीचे निकामी गोऱ्हे मात्र डॉक्टरांकडून खच्ची करून घ्यावेत, नाहीतर सारी मेहनत फुकट जाईल.

सहावे, वही. गाय कोणाची, तारीख कोणती, फळली की उलटली, वासरू काय झाले, याची नोंद पाहिजे. हे काम मी आणि सातवीची मुले करू. त्यांना व्याजाची उदाहरणे शिकवितोच, हाही हिशेबच आहे. गाईचे नऊ महिने नऊ दिवस मोजता आले, तर घरी दूध केव्हा येणार हे पोरेच आईला सांगतील.

कोणी म्हणेल, मास्तर, एवढी खटपट एका सांडासाठी? मंडळी, देवळाच्या कळसासाठी आपण वर्गणी काढली तेव्हा हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. कळसाने कोणाच्या घरी दूध आले नाही. सांड चांगला असेल तर त्या बाईच्या घरी येईल.

येत्या आठवड्यात ग्रामसभा आहे. तेथे हा ठराव कोणीतरी मांडावा, आणि तो मांडणारा मास्तर नसून गाय असलेला माणूस असावा, अशी माझी विनंती आहे. माझ्या घरची धानाची पहिली पायली आणि कोरी वही मी आजच पंचांपुढे ठेवतो.