उपयोग नसलेलं शिकणं

(दिवेआगर येथे बचत गटांतील महिलांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बचत गटाच्या मेळाव्यात पाहुणी आली की कर्जाची परतफेड, मालाची विक्री नाहीतर आरोग्य यांवर बोलते. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून मीही तेच बोलत आले. आज ताई म्हणाल्या, "तुम्हाला आवडतं त्यावर बोला." म्हणून मी घोड्यावर बोलणार आहे. हसलात तरी चालेल.

तिशी ओलांडल्यावर मी घोडेस्वारी शिकू लागले. त्यातही ड्रेसाज नावाचा प्रकार. शब्द फ्रेंच आहे, अर्थ साधा : घोड्याला शिकवून तयार करणं. यात शर्यत नाही, उड्या नाहीत. ६० मीटर लांब, २० मीटर रुंद आखलेलं मैदान, कडेनं अक्षरांच्या पाट्या. एका अक्षरापाशी दुडकी सुरू करायची, दुसऱ्यापाशी २० मीटरचं वर्तुळ काढायचं, मधोमध येऊन स्तब्ध उभं राहायचं. प्रत्येक हालचालीला पंच ० ते १० गुण देतात. घोडा आपणहून चालतोय असं वाटलं पाहिजे.

पहिले कित्येक महिने मला दुडकीत नीट बसताच येत नव्हतं. दुडकीत घोड्याचे समोरासमोरचे तिरके पाय जोडीनं पडतात, दर पावलाला खालून धक्का येतो. अंग आखडलं की जास्तच आपटतं. शिक्षक सांगायचे, "मान वर, खांदे मोकळे, श्वास सोडा." आता आठवा, आपल्याला लहानपणापासून काय सांगितलेलं असतं? मान खाली, पाय जवळ, अंग चोरून बस. ते अंगातून काढायलाच मला वर्ष लागलं.

मग एकदा वर्तुळ गोल आलं. त्याआधी माझी वर्तुळं पहिल्या भाकरीसारखी, कुठे फुगलेली, कुठे चेपलेली. आतल्या पायानं हलकेच दाबायचं, बाहेरचा लगाम धरून ठेवायचा आणि नजर पुढच्या वळणावर. तिन्ही गोष्टी एकाच वेळी जमाव्या लागतात. मैदानात वाळू असते, खुरांचे ठसे खरं तेच सांगतात. त्या दिवशी ठसे गोल होते. ना टाळ्या, ना प्रमाणपत्र. पण चार दिवस मी त्याच आनंदात होते.

"याचा उपयोग काय?" हा प्रश्न मला घरी, कार्यालयात, चळवळीतही विचारला गेला. शिवण शिकलीस तर दोन पैसे मिळतील, संगणक शिकलीस तर बढती मिळेल. घोड्याचं काय? खर्चाचाही प्रश्न रास्त आहे. हा छंद महाग आहे. माझा स्वतःचा घोडा नाही, होणारही नाही. शिवकालात स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. मी बारगीर, आठवड्याला पाऊण तास, पगारातून फी भरून.

पण बाईनं शिकलेल्या प्रत्येक गोष्टीचा हिशेब का मागितला जातो? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरकाम करणारी बाई त्यासाठी रोज सरासरी २८९ मिनिटं देते आणि घरकाम करणारा पुरुष ८८ मिनिटं. गड्यांना पारावर बसायला, क्रिकेट खेळायला कुणी उपयोग विचारत नाही. आपल्याला मात्र मोकळा वेळसुद्धा पापड लाटून कमवावा लागतो.

या खेळाचा इतिहासही बघा. १९५२ पर्यंत ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज म्हणजे लष्करी अधिकारी आणि प्रतिष्ठित पुरुषांची मक्तेदारी. साध्या सैनिकाला मज्जाव, बाईला मज्जाव. १९४८ ला लंडनमध्ये स्वीडनच्या संघानं सुवर्ण जिंकलं. पुढे संघातला एक स्वार खरा अधिकारी नाही असं निघालं आणि पदक काढून घेतलं! १९५२ ला हेलसिंकीत दारं उघडली आणि पहिल्याच वेळी डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी पुरुषांच्या बरोबरीनं उतरून रौप्यपदक मिळवलं. पोलिओमुळे त्यांचे पाय गुडघ्याखाली लुळे होते. घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागे. आजही या खेळात स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत उतरतात.

आपल्याकडेही २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, मुंबईचा हृदय छेडा आणि अनुष अगरवाला या चौघांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणलं. घोडेस्वारीतलं सुवर्ण ४१ वर्षांनी आलं. चौघांतल्या सर्वांत चांगल्या तिघांची बेरीज होती २०९.२०५ टक्के. म्हणजे दर माणशी सत्तरच्याही आतच! सुवर्णपदक मिळवणाऱ्यांचेही तीस टक्के गुण राहतात. आपण मात्र पहिल्या चुकीला "मला नाही जमायचं" म्हणून उठतो.

एक गोष्ट लपवायची नाही. घोड्याला तोंड नाही, पाठ आहे. २०२४ मध्ये ब्रिटनच्या ऑलिंपिक विजेत्या शार्लट दुजार्दिन यांची एका सरावात घोड्याला चाबकानं वारंवार मारतानाची चित्रफीत पुढे आली. त्यांनी पॅरिस ऑलिंपिकमधून माघार घेतली आणि त्यांच्यावर वर्षभराची बंदी आली. मारून काढून घेतलेली आज्ञाधारकता काय असते हे आपल्याला शिकवायला नको. म्हणून माझी प्रगती मी अशी मोजते : कालपेक्षा आज मी लगाम किती कमी ओढला?

तुम्ही सगळ्यांनी घोड्यावर बसा असं मी म्हणत नाही. १९९१ च्या सुमारास तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेतून बायका सायकल शिकल्या, हजारोंनी. पाणी आणणं, बाजारहाट सोपं झालं हा फायदा झालाच. पण वाऱ्यावर जाण्याचा आनंद हाही फायदाच होता.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात या गावाच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. त्यानंतर घर, वाडी, पाहुण्यांची जेवणं तुम्ही कशी सावरलीत हे मी ऐकलं आहे. समुद्र दारात आहे, पण तुमच्यापैकी किती जणींना पोहता येतं? किनारा पाहुण्यांचा, मोदक मात्र आपले!

म्हणून एक सुचवते. गटाच्या वहीत बचतीच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखा : या आठवड्यात स्वतःसाठी किती तास? पाच जणींची तुकडी करा. एकीची मुलं, एकीची चूल बाकीच्या चौघींनी दोन तास सांभाळायची. त्या दोन तासांत तिनं सायकल, पोहणं, पेटी, चित्र, काहीही शिकावं. अट एकच : त्यातून पैसे मिळालेच पाहिजेत असं नाही. आणि दर महिन्याच्या सभेत हप्त्याबरोबर हेही विचारा, "गेल्या महिन्यापेक्षा काय जास्त जमलं गं?"

भाकरीचा हक्क मागताना आनंदाचा हक्क सोडून द्यायचं कारण नाही. पुढच्या सभेला तो रकाना भरलेला असू द्या.