कोळसा उतरवणारी माणसं

क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचं नाव घेतलं की आपल्याला तळ्यातली कमळं आठवतात. आज मी त्याच्या एका वेगळ्या तैलचित्राविषयी बोलणार आहे. विषय आहे पडावांतून कोळसा उतरवणारे मजूर. १८७५ च्या सुमाराचं हे चित्र साधारण दोन फूट रुंद आहे आणि पॅरिसच्या ओर्से संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

त्या काळी मोने पॅरिसजवळ आर्जांतोय गावी राहत होता. तिथून शहरात जाताना आगगाडी आस्निएरला सीन नदी ओलांडते. समोर क्लिशीचे कारखाने वाढत होते आणि त्यांना लागणारा कोळसा नदीतून येत होता.

चित्रात डोक्यावर तिथल्याच पुलाची काळपट कमान आहे. खाली पडाव काठाला लागलेत. पडावांपासून काठापर्यंत लांबच लांब, अरुंद फळ्या टाकल्या आहेत. काही मजूर भरल्या टोपल्या घेऊन काठाकडे निघालेत, काही रिकामे परततायत. जाणाऱ्याची पाठ ओझ्याने वाकलेली, फळीवर पाऊल जपून पडतंय. चेहरा एकाचाही दिसत नाही. पुलावरून मात्र माणसं आणि गाड्या आपापल्या वाटेने चालल्या आहेत. खालच्या घामाशी त्यांचा काही संबंध नाही. दूरवर धुराडी आहेत. आकाश धुरकट आणि पाणी करडं-हिरवं.

मोनेने कष्टकऱ्यांची चित्रं फारच थोडी काढली, म्हणून हे चित्र मला मोलाचं वाटतं. इथे त्याने कुणाची कीव केलेली नाही की श्रमाचे गोडवे गायलेले नाहीत. कमळांवरचा प्रकाश त्याने ज्या बारकाईने टिपला, त्याच बारकाईने इथला धूर आणि गढूळ पाणी टिपलं. त्या आडव्यातिडव्या फळ्यांमुळे कामाची लय डोळ्यांना जाणवते. हे काम दिवसभर असंच चालणार, हे सांगायला शब्द लागत नाहीत.

पुढे १८८४ मध्ये जॉर्ज सराने याच आस्निएरला नदीत डुंबणाऱ्या माणसांचं भलंमोठं चित्र पुरं केलं. त्यातही मागे क्लिशीची धुराडी आहेतच. यंत्रयुगाची नदी चित्रकलेत अशी हक्काने आली.

श्रोतेहो, ही दोन्ही चित्रं पुस्तकांत छापलेली सापडतात. ती शेजारी ठेवून सावकाश पाहा. सराच्या माणसांच्या विसाव्यामागची धुराडी ज्यावर चालत, तो कोळसा कुणी वाहिला, हे मोनेच्या चित्रात दिसेल.