थंड मुलखातील मैफल

(केदारखेडा येथील हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

हिंदुस्थानी संगीताच्या परदेश दौऱ्यांचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. त्याच्या आरंभीच्या मोठ्या दौऱ्यांपैकी एक बडोदे या मराठा संस्थानात घडलेल्या कलावंतांनी केला. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ मध्ये बडोद्यात गायनशाळा सुरू झाली. तिचे प्रमुख मौलाबक्ष. त्यांचे नातू इनायत खाँ (१८८२–१९२७) गायक आणि वीणावादक होते. १३ सप्टेंबर १९१० रोजी भाऊ महबूब खाँ आणि नात्याने भाऊ असलेले महंमद अली खाँ यांच्यासह ते मुंबईहून अमेरिकेकडे निघाले. पुढे धाकटे भाऊ मुशर्रफ खाँ आणि तबलावादक रामस्वामी त्यांना मिळाले. गायन, वीणा, तबला सारे आपल्याच माणसांत असल्याने वाटेत कोणाची साथ शोधण्याची गरज नव्हती, आणि शोधली असती तरी ती तेथे मिळाली नसती.

अमेरिकेत रूथ सेंट डेनिस या नर्तकीच्या कार्यक्रमांत त्यांनी वादन केले. नंतर इंग्लंड आणि फ्रान्स करून १९१३ मध्ये ते मॉस्कोला पोहोचले आणि तो हिवाळा तेथेच काढला. मॉस्कोत जानेवारीत पारा शून्याखाली दहा अंशांवर जाणे नित्याचे असते. ‘माक्सिम’ या रात्रीच्या करमणूकगृहात त्यांना काम मिळाले. जेवणखाण आणि नाचरंगासाठी आलेल्या लोकांपुढे आलापी करणे सोपे नव्हते. पण त्याच शहरात जाणते श्रोतेही भेटले. संगीतकार स्क्रियाबिन यांच्याशी परिचय झाला. लिओ टॉलस्टॉय यांचे पुत्र सेर्गेई टॉलस्टॉय यांनी या संगीतात मनापासून रस घेतला. डिसेंबर १९१४ मध्ये मॉस्कोचे कामेर्नी रंगमंदिर कालिदासाच्या ‘शाकुंतल’ने उघडले, तेव्हा त्या प्रयोगाच्या संगीतात इनायत खाँच्या चालींचा आधार घेतलेला होता. इनायत खाँची कन्या नूर हिचा जन्मही १९१४ च्या पहिल्या दिवशी मॉस्कोत झाला.

अशा थंड मुलखातील दौऱ्यात कलावंताला प्रथम हवेशी झुंजावे लागते. थंड हवेत पाण्याची वाफ फार कमी मावते. शून्याखाली दहा अंशांवर एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे अडीच ग्रॅम वाफ राहते; वीस अंशांवर तीच मर्यादा सतरा ग्रॅमच्या पुढे जाते. बाहेरची गार हवा सभागृहात घेऊन नुसती तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता पंधरा टक्क्यांच्याही खाली उतरते. बाहेर बर्फ साचलेला असतो आणि आत मराठवाड्यातील मे महिन्याच्या दुपारसारखी कोरडी हवा असते. वाद्यांना थंडीइतकाच हा कोरडेपणा बाधतो.

चामड्याच्या वाद्यांवर परिणाम लगेच दिसतो. तबल्याची पुडी वाळून ताणते आणि सूर चढतो. मग हातोडीने गजरा वर ठोकून सूर उतरवावा लागतो. फार कोरड्या हवेत शाईला तडे जाण्याचा आणि पुडी फाटण्याचा धोका असतो, म्हणून तबलजी जादा पुड्या किंवा दोन-तीन तबले बरोबर नेतात. पखवाजाच्या धुमावर लावलेली कणीक लवकर सुकते आणि तिचे पापुद्रे निघतात. उन्हाळ्यात सप्ताहात साथ करणाऱ्या गावोगावच्या भजनी मंडळांना ही अडचण नवी नाही. उपायही दोन्हीकडे एकच आहे: कणीक मधूनमधून ओली करायची आणि वाद्य झाकून ठेवायचे.

तंबोरा आणि सतार यांची काळजी अधिक लागते. मिरजेचे तंबोरे साऱ्या देशात जातात. २०२४ मध्ये तेथील सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांचे भोपळे पंढरपूर–मंगळवेढा भागात, भीमेच्या काठी पिकतात. असा वाळवलेला भोपळा आणि त्याला जोडलेले लाकूड कोरड्या हवेत सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, त्यामुळे सांधे उकलतात किंवा भोपळ्याला चीर जाते. धातूची तार गारव्यात आकसून चढते आणि मंचावरील दिव्यांच्या उष्णतेने उतरते. म्हणून गाडीतून आणलेले वाद्य लगेच पेटीतून काढत नाहीत. ते बंद पेटीतच सभागृहात काही वेळ ठेवतात, मग उघडतात आणि सर्वांत शेवटी जवारी व सूत पाहून लावतात. विमानप्रवासाआधी तारा सैल करतात. या कटकटीतून एक मोठी सुटका १९७९ मध्ये झाली. त्या वर्षी बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. त्याच्या नादाला भोपळ्याच्या तंबोऱ्याची खोली नाही, पण हवा कशीही असली तरी त्याचा षड्ज ढळत नाही.

गळ्याचेही तसेच. कोरड्या हवेने स्वरयंत्राचे अस्तर सुकते आणि आवाजाला खरखर येते. दिवसभर थोडे थोडे कोमट पाणी पिणे, बाहेर पडताना तोंड-नाक झाकणे, खोलीत वाफ करणे हे उपाय गायक पाळतात. वादकाची बोटे गारठली तर तान अडखळते, म्हणून हात उबदार राखणे हा तयारीचाच भाग असतो.

उत्तरेकडे वेळेचा प्रश्नही उभा राहतो. रागांचे प्रहर सूर्याशी बांधलेले आहेत. मॉस्कोत डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो. पूरिया किंवा मारवा यांसारखा संधिप्रकाश राग सूर्य पाहून गायचा की घड्याळ पाहून, असा पेच पडतो. बहुतेक कलावंत घड्याळ धरतात. सभागृह ठरलेल्या वेळी रिकामे करावे लागत असल्याने मैफल अडीच-तीन तासांत बसवतात. त्यामुळे पहाटेचे राग मागे पडतात आणि भैरवी मात्र शेवटी येतेच.

स्वातंत्र्यानंतर श्रोता बदलला. १९५५ मध्ये अली अकबर खाँ आणि तबलावादक चतुरलाल यांनी न्यूयॉर्कमध्ये वादन केले, तेव्हा समोर बहुतेक अमेरिकी श्रोते होते. नोकरी-शिक्षणासाठी गेलेली भारतीय कुटुंबे वाढली तशी मैफल त्यांचीही झाली. लता मंगेशकर १९७४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायल्या. १९८५ मध्ये टोरोंटोत एका सेवाभावी संस्थेच्या मदतीसाठी गाताना त्यांनी कॅनडाच्या गायिका ॲन मरे यांचे एक इंग्रजी गाणेही म्हटले. यजमान देशाला दिलेला तो सन्मान होता.

मराठी मंडळींनी या दौऱ्यांना घर दिले. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे, शिकागोचे १९६९ चे. उत्तर अमेरिकेतील मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले. त्याची अधिवेशने साधारणपणे दर दोन वर्षांनी, बहुधा जुलैच्या आसपास भरतात. बहुतेक कलावंतही वसंत किंवा शरद ऋतूतच जाणे पसंत करतात: बर्फाने विमाने रखडत नाहीत, रस्ते मोकळे असतात आणि वाद्यांना हवा मानवते.

गेल्या काही दशकांतील सर्वांत मोलाचा बदल शिक्षणातून आला. थंड देशांच्या शहरांत आता तबला, पेटी आणि गायन शिकवणारे गुरू स्थायिक आहेत. त्यांच्याकडे तयार झालेली तेथेच जन्मलेली मुले पाहुण्या कलावंताला साथ करतात, आणि त्या हवेत रुळलेली वाद्ये त्यांच्या घरी असतात. १९१० मध्ये इनायत खाँना घरची माणसे आणि सारी वाद्ये समुद्रापार न्यावी लागली. आजच्या गायकाला अनेक ठिकाणी साथीदार, तंबोरा आणि जाणते श्रोते तेथेच मिळतात.