विचारायचं कुणाला?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



हुबळी-धारवाडात विद्यार्थ्याशिवाय घर नाही. ज्याच्या घरात स्वतःचा नाही, त्याच्या माडीवर भाड्याचा आहे. छोट्या महाबळेश्वराच्या टेकडीवर कर्नाटक विद्यापीठ, १९८६ पासून कृषी विद्यापीठ, हुबळीच्या नवनगरात कायदा विद्यापीठ. १९४७ सालचं बी.व्ही.बी. इंजिनिअरिंग कॉलेज आता स्वतःच विद्यापीठ होऊन बसलंय. १९५७ सालचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, आणि २०१६ पासून आयआयटीही आली. वीस-बावीस किलोमीटरच्या एका रस्त्याच्या आसपास एवढं सगळं. सकाळी साडेआठला चिगरी नावाच्या शहर-बसमध्ये चढून बघा. निम्म्या बसच्या पाठीवर सॅक असते.

या मुलांविषयी आपण बोलतो ते दोनच वाक्यांत. एक, 'आजकालच्या पोरांना सगळं आयतं मिळतं.' आणि दुसरं, 'आमच्या वेळी असं नव्हतं.' दुसरं वाक्य खरं आहे. आमच्या वेळी असं नव्हतंच. पण नव्हतं म्हणजे नेमकं काय नव्हतं, हे कुणी नीट सांगत नाही. आज तेवढंच बघू.

मी अर्थशास्त्राचा मास्तर. या गावात नोकरी झाली. माझ्यासमोर दरवर्षी खानापूर, हल्याळ, बेळगाव, निपाणीकडची मराठी शाळेतून आलेली मुलं बसायची. हुशारीत कमी नव्हती. पण पहिलं सत्र संपेपर्यंत त्यांच्यातली बरीचशी तोंड उघडत नसत. मागच्या बाकावर बसत, सगळं उतरवून घेत, आणि तास संपला की सगळ्यांच्या आधी बाहेर पडत. त्यांचे मार्क मला कधी कोडं वाटले नाहीत. त्यांचं गप्प बसणं मात्र वाटलं.

आता थोडं मागे जाऊ. कर्नाटक विद्यापीठ १९४९ चं. कायदा झाला मुंबईत, कामकाजही आधी तिथूनच सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते धारवाडला आलं. त्याआधी इथल्या मुलाची पदवी मुंबई विद्यापीठाची. कर्नाटक कॉलेज निघालं १९१७ साली, आणि पुढे ते रेल्वे कंपनीच्या जुन्या मुख्य कचेरीच्या इमारतीत गेलं. त्याआधी बी.ए. व्हायचं तर पुणं नाहीतर मुंबई गाठायची. १८९६ साली याच गावात जन्मलेला, घरात मराठी बोलणारा एक मुलगा असाच फर्ग्युसनमध्ये गेला आणि १९१८ साली बी.ए. झाला. ते द. रा. बेंद्रे. त्यांना ज्ञानपीठ मिळालं कन्नड कवितेसाठी, आणि मराठीतही त्यांनी लिहिलं. पण आज मला त्यांची कविता नको आहे, त्यांच्या दोन तारखा हव्या आहेत. बी.ए. १९१८, एम.ए. १९३५. मधल्या सतरा वर्षांत लग्न, मास्तरकी, कविता आणि एका कवितेपायी तुरुंगसुद्धा. आजच्या प्रवेश अर्जाने या माणसाकडे सतरा वर्षांच्या 'गॅप'साठी स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र मागितलं असतं. महर्षी कर्वे १८८४ साली बी.ए. झाले तेव्हा सव्वीस वर्षांचे संसारी गृहस्थ होते. आपल्याकडे मात्र एकविसाव्या वर्षी एक विषय राहिला तर घरात सुतक असल्यासारखं वातावरण असतं.

मग त्या पिढीजवळ काय होतं? पैसा नव्हता. पुस्तकंही बेताचीच. जेवणासाठी वार लावून घेतलेले असायचे. सोमवारी अमक्यांकडे, मंगळवारी तमक्यांकडे. त्याचे गोडवे मी गाणार नाही. वाढणारीच्या चेहऱ्यावरून आज भात किती घ्यायचा ते ओळखावं लागे. शिवाय हे वार मिळायचे ते बहुतेक ब्राह्मणांच्या मुलांना. बाकीच्यांना वार नव्हता आणि दारही नव्हतं. म्हणून कोल्हापुरात शाहू महाराजांना १९०१ पासून मराठा, जैन आणि पुढे लिंगायत, मुसलमान अशा एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी करावी लागली. साताऱ्याला भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली आणली. आणि आपल्या धारवाडात मुरघा मठाच्या मृत्युंजय स्वामींनी प्रसादनिलय चालवलं. तिथे जेवून शिकलेली माणसं या जिल्ह्यात गावोगाव भेटतील. मुलींसाठी यातलं फारसं काही नव्हतं, हेही नोंदवून ठेवतो.

या सगळ्या व्यवस्थांचा हिशेब आपण भाताचा म्हणून मांडतो. माझ्या मते भातापेक्षा मोठी गोष्ट त्यांत न मागता मिळत होती. शेजारच्या चटईवर एक थोराड पोरगा असे. तो हीच परीक्षा दोनदा देऊन बसलेला. कोणता मास्तर काय विचारतो, कोणत्या पुस्तकाची कुठली पानं वाचायची, फीची मुदत टळली तर कुणाला भेटायचं, हे सगळं त्याला पाठ. विद्यापीठाच्या कुठल्याही माहितीपत्रकात नसलेलं हे ज्ञान. रात्री कंदील मालवल्यावर ते एका चटईवरून दुसऱ्या चटईवर जायचं. विचारायला लाजावं लागत नसे, कारण लाजायला जागाच नव्हती.

आज धारवाडच्या सप्तापुरात जा. एकेका इमारतीत वाचनालयं आहेत. खरं तर अभ्यासिका. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात दिवा, चार्जिंगचा पॉइंट, महिन्याचं भाडं. पीएसआयची, केपीएससीची तयारी करणारी मुलं त्यात पहाटेपासून बसलेली असतात. पदवीची मुलंही आता तिथेच बसतात. भिंतीवर 'शांतता पाळा'. शांतता उत्तम पाळली जाते. दोन मुलांच्या खुर्च्यांत हाताचं अंतर, आणि वर्षभर एकमेकांचं नावही ठाऊक नाही, हे मी पाहिलंय. पीजीच्या खोलीतही तेच. चौघं जण, चार मोबाइल. अडचण आली की मुलगा मोबाइलला विचारतो. तो उत्तर देतोही. पण कॉलेजच्या खिडकीतल्या क्लार्कला काय लागतं ते मोबाइलला कुठून ठाऊक?

थोराड पोरगा आज आहे, पण त्याचं ज्ञान शिळं झालंय. २०२१ साली राज्यात चार वर्षांची पदवी आली, विषयांची रचना बदलली, परीक्षेचं सगळं यूयूसीएमएस नावाच्या पोर्टलवर गेलं. २०२४ साली सरकारने ती योजना गुंडाळून पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. धोरण बरं की वाईट यावर दोन तास भांडता येईल. आज नको. परिणाम एवढाच सांगतो, की एकाच कॉलेजात एकाच वेळी वर्गागणिक निराळे नियम होते. सिनियर सांगतो ते ज्युनियरला लागू पडत नाही. चटईवरून चटईवर जाणारी वाट सरकारी आदेशानेच बंद झाली, आणि हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

कागदांचं घ्या. शिष्यवृत्तीचा अर्ज राज्य सरकारच्या एसएसपी पोर्टलवर. त्याला जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला हवा. तो महसूल खात्याच्या नाडकचेरीतून आणायचा, त्यावरचा आरडी नंबर अर्जात घालायचा. बँकेचं खातं आधारला जोडलेलं हवं. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी, दाखल्यावर वडिलांचं नाव गाळलेलं, की अर्ज अडला. मुलगा ऑफिसात जातो. तिथे कन्नड. मुलाला कन्नड कळतं, वाचताही येतं, पण बोलताना अडखळतो. हसतील म्हणून निम्मंच विचारतो आणि निम्म्या उत्तरावर परत येतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. यात बुद्धीचा काय संबंध?

इथे समोरच्या काही मंडळींना राग येईल, पण बोलतो. कन्नड बोला. मोडकं बोला, व्याकरण चुकवून बोला. या गावचं कन्नड मोडक्या बोलणाऱ्याला सांभाळून घेतं. सीमेचा वाद सुटायचा तेव्हा सुटेल, तुमची अंतर्गत परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. आणि मराठी सोडा असं मी मुळीच म्हणत नाही. जी. ए. कुलकर्णी याच गावात जनता शिक्षण समितीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत राहिले आणि लिहिलं मराठीत. एका भाषेने दुसरीचा घास घेतला नाही.

इंग्रजीचं दुखणं याहून खोल आहे. खानापूर तालुक्यातला एक मुलगा माझ्याकडे पुस्तक घेऊन आला होता. इंग्रजी ओळींच्या वर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेले. इतके बारीक आणि इतके दाट, की मूळ ओळ दिसेना. प्रत्येक शब्दाचा अर्थ बरोबर, आणि परिच्छेदाचा अर्थ शून्य. धडा होता मागणीच्या लवचिकतेचा. व्याख्या त्याने घडाघडा म्हटली. मी विचारलं, "रात्री शेवटची बस चुकली तर रिक्षावाला सांगेल ते देतोस की नाही?"

"द्यावंच लागतंय की सर."

"मग दुपारी का देत नाहीस?"

"दुपारी धा मिनिटांनी दुसरी बस येती."

"हेच लिही."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटत होतं की विद्यापीठात लिहायचं ते निराळंच काहीतरी असतं, रिक्षाचं तिथे काही काम नाही. मग आम्ही एक रीत बसवली. शब्दावर पेन्सिल टेकवायची नाही. परिच्छेद दोनदा वाचायचा, पुस्तक मिटायचं, आणि त्यात काय म्हटलंय ते मराठीत तोंडाने सांगायचं, ऐकायला कुणीतरी समोर हवं. सांगता आलं नाही तर पुन्हा वाचायचं. सांगता आलं, की तेच दोन-तीन साध्या इंग्रजी वाक्यांत लिहायचं. सुरुवातीला एक पान तास खातं. दिवाळीनंतर वेग वाढतो. खाजगी क्लासवाले नोट्स देतात त्याने पास होता येतं, नाही असं नाही. पण एम.ए.ला, नाहीतर बँकेच्या मुलाखतीत, तेच मूल पुन्हा गप्प होतं.

'ऐकायला कुणीतरी समोर हवं' म्हणालो, त्यातच खरी गोम आहे. समोर कुणी नसतं. आणि नसणं लांबलं की ते अभ्यासापुरतं राहत नाही. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात आहे. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर राष्ट्रीय कृतिदल नेमलं, जुलैमध्ये शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक तत्त्वंही घालून दिली. आपल्या गावात तर मनोविकारांचं इस्पितळ १८४५ पासूनचं आहे. आजचं डिमहान्स. पण 'याला धारवाडला न्या' ही आपल्या भागातली थट्टा इतकी मुरली आहे, की धारवाडात राहणारा मुलगासुद्धा त्या फाटकाकडे मान वळवून बघत नाही. झोप उडाली, जेवण तुटलं, मुलगा घरचे फोन उचलेनासा झाला, तर परीक्षा होईपर्यंत थांबू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो. घरमालकांनी तो मीटरच्या पेटीशेजारी लावून ठेवावा. भाड्याची तारीख लावता तसा.

पालकांना एक विनंती. फोनवर पहिला प्रश्न 'अभ्यास झाला का' हा असतो. त्याला 'झाला' याखेरीज उत्तर नाही, आणि पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. आज कुणाबरोबर जेवलास, हे विचारा. त्या उत्तरातून तुम्हाला मार्कशीटपेक्षा जास्त कळेल. एकटाच जेवलो असं चार वेळा आलं, तर शनिवारी एसटी पकडून या.

प्राध्यापकांना काय सांगू, मी त्यांच्यातलाच. वर्गात ऐंशी मुलं, अंतर्गत गुणांची रजिस्टरं, हजेरीचे ७५ टक्के मोजणं, वर अतिथी प्राध्यापकांची अनिश्चित नोकरी. त्यांच्याकडून हे सगळं होणार नाही, आणि न झाल्याचा दोष त्यांना देणं सोपं आहे. मुलांनी मात्र एक करावं. 'सर, काहीच समजलं नाही' असं म्हणत जाऊ नये. त्यावर मास्तर काय सांगणार? बेचाळिसाव्या पानावर तिसऱ्या ओळीपाशी अडलोय, असं म्हणत जावं. कितीही घाईतला मास्तर त्या ओळीपाशी थांबतो.

आणि आता तुम्ही. या सभागृहात निवृत्त शिक्षक किती आहेत ते मला माहीत आहे, त्यातले अर्धे माझे मित्र आहेत आणि उरलेले रोज सकाळी फिरायला भेटतात. बँकेतले आहेत, रेल्वेतले आहेत, तहसील कचेरीत आयुष्य गेलेले आहेत. नाडकचेरीत कोणता कागद कुठे अडतो हे ज्यांना झोपेत सांगता येईल, अशी माणसं संध्याकाळी कट्ट्यावर बसून शेंगा सोलतात. रविवारी सकाळी दोन तास द्या. व्याख्यान द्यायचं नाही, उपदेश तर नकोच. मूल वाचेल आणि मराठीत सांगेल, तुम्ही ऐकायचं. फॉर्म घेऊन आलं तर शेजारी बसून भरायला लावायचा, आपण भरून द्यायचा नाही. जागेची सोय व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी कबूल केली आहे, आत्ताच, तुमच्यासमोर मान हलवून, तेव्हा त्यांना आता माघार घेता येणार नाही. मागच्या टेबलावर वही ठेवली आहे. तिच्यात नाव, विषय आणि फोन नंबर लिहा. येणाऱ्या मुलांसाठी दुसरी वही आहे, तिच्यात कुठे अडलंय तेवढंच लिहायचं.

माझी वेळ संपली. प्रश्नांना पंधरा मिनिटं आहेत. पहिले तीन प्रश्न मागच्या रांगेतल्या मुलांचे. ज्येष्ठांनी तोवर हात खाली ठेवावेत.